चिलापी टाकू का? बाहेरचा मासा तळ्यात आणायचा की नाही, हे ठरवायचं कसं

गेल्या महिन्यात शिरोळकडच्या माझ्या मामेभावाचा फोन आला. म्हणाला दादा, ऊस काय आता परवडत नाही, अर्धा एकर खोदून तळं करतोय, बीजवाला (माशाची पिल्लं विकणारा) म्हणतोय गिफ्ट टाक, सहा महिन्यात अर्धा किलोचा मासा हातात, मर नाही, रोग नाही, टाकू का? मी म्हटलं थांब जरा, बघून सांगतो. मग आठवडाभर वाचलं, दोन-चार जाणत्या लोकांशी बोललो, आणि लक्षात आलं की प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीच. पंचगंगेच्या काठावर, धरणांच्या पाण्यात, घरामागच्या टाक्यांत जिथं जिथं मासे पाळायचं चाललंय तिथं हाच प्रश्न आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर बीज विकणारा माणूस देतोय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी गिफ्टचं सांगतो कारण नावामुळंच घोळ होतो. भेट वगैरे काही नाही, जेनेटिकली इम्प्रूव्हड फार्म्ड टिलापिया या नावाची आद्याक्षरं जोडून झालेला शब्द आहे तो. टिलापिया म्हणजे आपली चिलापी, पण आपल्या नदीत मिळते ती काळपट लहान चिलापी वेगळी, ती मोझांबिकची. गिफ्ट ही नाईल नदीकडची, तिचं काम १९८८ पासून फिलिपिन्समध्ये झालं. आणि नावात जेनेटिक आहे म्हणून कुणी घाबरू नका, प्रयोगशाळेत जनुक कापून घातलेला हा मासा नाही. चांगल्या म्हशीची रेडी ठेवायची, परत तिच्यातली चांगली ठेवायची, तसं पिढ्यान्‌पिढ्या लवकर वाढणारे मासे निवडत जाऊन तयार केलेली जात आहे. खायला काही धोका नाही. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे.

आता "बाहेरचा मासा" म्हणजे नेमका कुठला बाहेरचा? आपल्याला वाटतं परदेशी तो बाहेरचा आणि भारतातला तो आपला. पण माशाला देश कळत नाही, खोरं कळतं. आपण मासळी बाजारात अगदी आपला म्हणून घेतो तो रोहू आणि मृगळ मुळात गंगेच्या खोऱ्यातले, आपल्याकडं तळ्यात-धरणात बीज सोडून सोडून पसरवलेत. कृष्णेच्या खोऱ्यातले जुने रहिवासी म्हणजे महसीर, मरळ, वाम, शिंगाळा, शिवडा आणि ओढ्यात दगडाखाली राहणारे ते बोटाएवढे मासे ज्यांना आपण धड नावानं ओळखतसुद्धा नाही. युरोपातल्या देशांनी २००७ मध्ये मत्स्यपालनासाठी जो कायदा केला (क्रमांक ७०८) त्यात हे बरोबर पकडलंय, तिथं परका मासा ही एक वर्गवारी आहे आणि "त्या भागात नसलेला" मासा ही दुसरी, म्हणजे आपल्याच भूभागातला पण त्या पाण्यात पूर्वी कधी नव्हता असा. दोन्हीला परवानगी लागते.

हे किती महत्त्वाचं आहे त्याचं उदाहरण आपल्याच माशाचं आहे, आणि मला ते वाचून खरंच वाईट वाटलं. दख्खनचा महसीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री, आपल्या कृष्णा खोऱ्यातला. हा कमी होत चालला म्हणून लोणावळ्याला टाटांच्या तलावावर त्याची पैदास सुरू झाली, चांगलं काम होतं, हेतू चांगला होता. पण तिथली पिल्लं कावेरीतही नेऊन सोडली गेली, आणि कावेरीत तिचा स्वतःचा एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगात दुसरीकडं कुठंच नाही. काही वर्षांत खुद्रीनं तिथं बस्तान बसवलं आणि कुबडवाला मागं पडत गेला, २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला. त्याच्या मागं धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासे मारणं हीही कारणं आहेत, पण आपला मासा दुसऱ्याच्या नदीत परका ठरला हे खोटं नाही. तेव्हा देशी-विदेशी एवढ्यावर निर्णय होत नाही.

मग लोक बाहेरचा मासा आणतात तरी का? तर पोटासाठी, आणि ते कारण हलकं नाही. १९३९ पासून थोडा आणि १९५७ मध्ये बँकॉकहून जास्त असा सायप्रिनस (कॉमन कार्प) आपल्या देशात आला, १९५९ मध्ये जपानहून चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि हाँगकाँगहून गवत्या (ग्रास कार्प) आला. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यात गवत्या पाणवनस्पती खाणार, चंदेरा पाण्यातलं हिरवं सूक्ष्म शेवाळ गाळून खाणार, म्हणजे एकाच तळ्यात सहा जणांची पंगत बसली आणि कुणी कुणाच्या ताटातलं फारसं खात नाही. या सहा माशांच्या पद्धतीनं देशात तळ्यातलं उत्पादन भरपूर वाढलं, हे नाकारून चालणार नाही.

समुद्राकडची गोष्ट अजून मोठी आहे. आपली देशी वाघ कोळंबी, तिला १९९४ च्या सुमाराला पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूनं गाठलं आणि शेतकरी बुडाले. नंतर अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची व्हॅनामी कोळंबी आणायची का असा प्रश्न आला. २००३ मध्ये थोड्या ठिकाणी प्रायोगिक परवानगी दिली, मग चेन्नईची खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था आणि लखनौचा मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो या दोघांनी धोक्याचा अभ्यास केला, आणि २००९ मध्ये परवानगी दिली, ती पण अशी की जनक कोळंबी ठरावीक रोगांपासून मुक्त असल्याची तपासलेली हवी, चेन्नईत सरकारी विलगीकरणात ठेवून मगच हॅचरीला (बीज तयार करणाऱ्या केंद्राला) द्यायची. आज आपली निर्यात होणारी बहुतेक कोळंबी ही व्हॅनामी आहे. बरोबर की चूक यावर अजून वाद घालता येतो, पण प्रश्न आधी विचारले आणि मग दार उघडलं, हा क्रम मला पटतो.

कारण बाकी बहुतेक वेळा क्रम उलटा झालाय. पंगस घ्या, मूळचा मेकाँग नदीकडचा, १९९५-९६ च्या आसपास बांगलादेशमार्गे बंगालमध्ये आला, कुणी विचारलं नाही, आंध्रात एकरांमागून एकर पसरला, आणि नियम-परवानगी आली २०१० च्या आसपास. आपण बाजारात पापलेटसारखा दिसतो म्हणून घेतो तो रूपचंद, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तोही बांगलादेशमार्गेच आलेला. आणि थाई मांगूर, नाव थाई पण मूळ आफ्रिकेचा, त्याच्यावर तर बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलंय, आपल्या राज्यात खात्यानं टनावारी मांगूर पकडून नष्ट केलाय, तरी चोरून पाळतातच, कारण घाण पाण्यात जगतो, हवेतून श्वास घेतो, कत्तलखान्याच्या टाकाऊवर वाढतो. ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो आणि पाण्यात जे सापडेल ते खातो. या माशाबद्दल माझ्या मनात काही शंका नाही, तो कुठल्याच परिस्थितीत नको.

बाहेरचा मासा नदीत गेला की नेमकं काय करतो, हे चिलापीवरून छान कळतं. मोझांबिक चिलापी १९५२ मध्ये आणली, गरिबांना स्वस्त मासा मिळेल म्हणून. दोन-तीन महिन्यांतच ती अंड्यावर येते, वर्षातून कितीतरी वेळा पिल्लं काढते, आणि मादी अंडी तोंडात धरून राखते. आपला रोहू लाखांनी अंडी देतो पण ती प्रवाहात सोडून देतो, पुढं त्यांचं नशीब. चिलापीची थोडीच असतात पण जगतात. मग तळ्यात एवढी गर्दी होते की कुणीच वाढत नाही, सगळी तळहाताएवढी. सात वर्षांत शहाणपण आलं आणि १९५९ मध्ये मत्स्य संशोधन समितीनं तिचा प्रसार थांबवा म्हणून सांगितलं, पण तोवर ती पाण्यात गेली होती. आज उजनीला जाऊन बघा, जाळ्यात काय येतं ते. भिगवणच्या बाजारात चिलापीवर कितीतरी घरं चालतात हेही खरं आहे, त्या लोकांना जाऊन तुमचा मासा वाईट म्हणण्यात अर्थ नाही. पण "चिलापी आहेच की सगळीकडं, मग अजून टाकली तर काय बिघडलं" असं जे म्हणतात ते मला पटत नाही. नाईल चिलापी मोठी होते, दणकट असते आणि मोझांबिकच्या चिलापीशी तिचा संकर होतो, म्हणजे जी अडचण आधीच आहे तिला आपण नवं बळ देतोय.

खाणं-जागा बळकावणं हा एक प्रकार झाला. दुसरा म्हणजे पाणीच बदलून टाकणं, सायप्रिनस तळाचा चिखल उकरत राहतो, पाणी कायम गढूळ, मग पाणवनस्पती जातात, त्यांच्यावर अंडी चिकटवणारे छोटे मासे जातात. तिसरा संकर, तो चिलापीच्या बाबतीत आलाच. आणि चौथा रोग, ज्याचा आपण सगळ्यात कमी विचार करतो. आपल्याकडं मरळ किती आवडीनं खातात ते सांगायला नको, १९८८ मध्ये आग्नेय आशियाकडून बांगलादेशमार्गे अंगावर लाल जखमा पाडणारा एक बुरशीसारखा रोग भारतात शिरला आणि मरळ मेले ते मेलेच, जुन्या लोकांना आठवत असेल. चिलापीचा स्वतःचा एक विषाणू आहे, टिलापिया लेक व्हायरस, २०१४ मध्ये इस्रायलमधून पहिल्यांदा नोंदला गेला आणि काही वर्षांत भारतातही सापडला. म्हणजे "गिफ्टला रोग नाही" असं जो बीजवाला सांगतो त्याचं ऐकू नका.

आता मुद्द्याचं. निर्णय घेणारे शास्त्रज्ञ काय करतात? प्रश्नावली वापरतात. एक प्रसिद्ध आहे ती गोड्या पाण्यातल्या माशांसाठी, ४९ प्रश्नांची, प्रत्येक उत्तराला गुण, बेरजेवरून कळतं मासा कितपत त्रासदायक ठरू शकतो. दुसरीकडं कुठं गेल्यावर यानं उपद्रव केलाय का, आपल्या हवामानात जगेल का, किती लवकर पिल्लं देतो, दुष्काळात तग धरतो का, माणूस त्याला मुद्दाम इकडून तिकडं नेईल का, असे साधे साधे प्रश्न. शिवाय हवामान बदलल्यावर काय होईल याचे सहा प्रश्न घातलेली नवी आवृत्ती पण आहे. मी ते सगळं वाचून माझ्यापुरतं असं लावून घेतलं, आधी विचारायचं की हा मासा तळ्यातून बाहेर जाईल का, मग बाहेर गेला तर जगेल का, जगला तर पिल्लं काढेल का, आणि काढली तर परत गोळा करता येतील का. शेवटचा प्रश्न सगळ्यात जड. कारखान्याचं घाण पाणी नदीत गेलं तर पाईप बंद केल्यावर कधीतरी नदी सावरते, मासा एकदा गेला की तो स्वतःच वाढत जातो, त्याला बंद करायचा पाईप नसतो. म्हणून ज्याची खात्री नाही त्याला आधी नाही म्हणायचं आणि पुरावा आणण्याची जबाबदारी आणणाऱ्यावर टाकायची, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी मान्य आहे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९९५ च्या आचारसंहितेतही सावधगिरीचाच सूर आहे.

यात एक फसवी जागा आहे ती सांगतो. "हा तळ्यात पिल्लं घालत नाही, मग घाबरायचं कशाला" असं चंदेराबद्दल म्हणतात. खरं आहे, तळ्यात तो पिल्लं घालत नाही, त्याला वाहतं पाणी लागतं, हॅचरीत इंजेक्शन द्यावं लागतं. पण १९७१ मध्ये हिमाचलात काय झालं बघा, पुरात एका फार्मचे चंदेरे वाहून भाक्रा धरणाच्या गोविंदसागरात गेले. तिथं वरून सतलजचं थंड वाहतं पाणी मिळालं, आणि हा पठ्ठ्या आपोआप वीण करायला लागला. पुढं जाळ्यात मुख्य मासा तोच झाला, कटला आणि महसीर मागं पडले. एक फार्म, एक पूर. तेव्हा तळ्यात काय करतो हे विचारायचं नसतं, नदीत काय करेल हे विचारायचं.

आणि पूर म्हटलं की कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. २००५, २०१९, २०२१. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, पावसाळ्यात हे आकडे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतात, आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार होतं तेव्हा आपण स्नानाला धावतो, नदी एका दारानं आत येऊन पादुकांवरून दुसऱ्या दारानं बाहेर जाते. तशीच ती काठावरच्या प्रत्येक तळ्यात एका बांधावरून येते आणि दुसऱ्यावरून जाते, आणि जाताना मोकळ्या हातानं जात नाही. आउटलेटला जाळी लावा, पक्षी मासा उचलून नेऊ नयेत म्हणून वर जाळी टाका, नरच बीज घ्या असे गिफ्टसाठी नियम आहेत, चांगले आहेत, पण बांधावरून चार फूट पाणी वाहत असताना आउटलेटची जाळी काय करणार?

नराच्या बीजाचंही सांगतो. पिल्लं अगदी लहान असताना तीन-चार आठवडे खाद्यातून संप्रेरक देतात, मग बहुतेक सगळी नर होतात आणि तळ्यात वीण होत नाही. बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत. शंभरात दोन-तीन माद्या राहिल्या तर तळ्यात चालून जातं, पण दहा हजार बोटुकली टाकली असेल तर हिशेब करा, दोन-तीनशे माद्या नदीत गेल्या. आणि बीज कुठल्यातरी अर्धवट ठिकाणाहून आलेलं असेल तर विचारूच नका. माझ्या मामेभावाला मी एवढंच म्हटलं, बीजवाल्याकडं नराचं बीज असल्याचा आणि रोग तपासल्याचा कागद माग, आणि हॅचरीला सरकारी परवानगी आहे का ते विचार.

आता माझं मत. ते एकच नाही, पाण्याप्रमाणं वेगळं आहे. वरच्या अंगाला, राधानगरी, दाजीपूर, तुळशी, कुंभी, कासारी, जिथं नद्या सुरू होतात तिथं धरणात पिंजरे लावून बाहेरचा मासा नको म्हणजे नको. पिंजऱ्याचं जाळं फाटतंच कधी ना कधी. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या माशांपैकी निम्म्याहून जास्त जाती जगात दुसरीकडं कुठं नाहीत, आणि अजून नव्या सापडतायत. २०२० मध्ये आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी, देवळाच्या कुंडात, बोटाएवढा एक नवा मासा सापडला, त्याला त्या नदीचंच नाव दिलं. तीच नदी पुढं आजरा-गडहिंग्लजला येते. ज्याचं घर एक कुंड आहे त्याच्यापाशी आपण जुगार खेळायचा नसतो. घरातल्या काचेच्या टाकीतला मासा मोठा झाला म्हणून तळ्यात सोडून येणाऱ्यांनाही हेच सांगणं, मारायला जीव होत नाही हे कळतं, पण दुकानदाराला परत द्या, नाहीतर ओळखीत कुणाला तरी द्या.

खालच्या अंगाला, शिरोळ-करवीरच्या काठावर, पूररेषा बघायची. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. लाल रेषेच्या आत तळं असेल तर असं समजायचं की तुम्ही तो मासा तळ्यात नाही, पंचगंगेतच सोडताय, फक्त काही वर्षं उशिरा. मग ज्या माशाला आपण हातानं नदीत सोडणार नाही तो तिथं टाकायचा नाही. लाल रेषेच्या वर माळावर, प्लास्टिकच्या कागदाचं शेततळं किंवा बायोफ्लॉकची (सूक्ष्मजीवांच्या मदतीनं पाणी साफ ठेवून मासे वाढवायची) टाकी, नराचं तपासलेलं बीज, आणि टाकी रिकामी करताना पाणी ओढ्यात न सोडता शेतात मुरवायचं, एवढं होत असेल तर गिफ्टला माझी हरकत नाही. उलट माळावरच्या कोरडवाहू माणसाला चार पैसे मिळत असतील तर मिळावेत. शहरातल्या टाक्यांना तर पाणी गटारात सोडायची सवय असते, आणि आपलं कोल्हापूरचं गटार जयंती नाल्यातून शेवटी पंचगंगेतच जातं हे सगळ्यांना माहिती आहे.

एक गोष्ट मात्र मला टोचते. फायदा ज्याच्या तळ्यात मासा आहे त्याला, आणि नुकसान झालं तर खाली नदीत जाळं टाकणाऱ्या माणसाचं, ज्याला कुणी विचारलेलं नसतं. परवानगी देताना कागदावर तळ्याचा मालक असतो, शास्त्रज्ञ असतो, खात्याचा अधिकारी असतो, पण ज्याच्या जाळ्यात उद्या शिंगाळ्याच्या जागी दुसरंच काही येणार आहे तो त्या टेबलावर नसतो. त्याला बसवलं पाहिजे.

मागच्या रविवारी शिरोळला गेलो होतो. मामेभाऊ तळं दाखवायला घेऊन गेला, वाटेत मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर कुणीतरी रंगानं २०१९ च्या पाण्याची खूण करून ठेवलीय, ती माझ्या डोक्याच्या वर होती. देवळापासून तळं दोनशे पावलांवर, आणि तेही उतारावर. तो खुणेकडं बघत जरा वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "मग हितं गिफ्ट नको." चंदेरा आणि गवत्या पण नको म्हणाला, गोविंदसागरची गोष्ट त्याच्या डोक्यात बसली होती. रोहू-कटला-मृगळ टाकायचं ठरलं, तिकडं पाण्यात वर्षानुवर्षं ते सोडलेलेच आहेत, निर्दोष नाहीत पण नवं काही सुरू होणार नाही. हातकणंगल्याच्या बाजूला त्याच्या मेहुण्याची माळावर दहा गुंठे जमीन आहे, गिफ्टचं बघायचं झालं तर तिथं बघू म्हणतोय. बीजवाल्याकडं कागद मागितलाय. त्याला तीन आठवडे झाले, रोज उद्या पाठवतो म्हणतो, अजून आलेला नाही.